बिस्किटी रंगाचं खोकं

आपल्याकडे त्याला 'सीपीयू' म्हणतात. "सीपीयू टेबलाखाली ठेवा", "सीपीयूवर पाणी सांडलं", "सीपीयू दुरुस्तीला दिलाय". खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली दडलेली, तळहातात सहज मावणारी चिप. ती घरातल्या बहुतेकांनी कधीच पाहिलेली नसते. त्यांनी पाहिलेलं असतं ते पत्र्याचं खोकं, आणि ते ज्याला चिकटवतील ते त्याचं नाव. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार मात्र नेमका शब्द वापरतात: कॅबिनेट.

संगणकाच्या इतिहासात या कॅबिनेटला फारसं कुणी विचारत नाही. चिप्सचा इतिहास असतो, सॉफ्टवेअरचा असतो, गॅरेजमधून अब्जाधीश झालेल्यांचा तर असतोच असतो. खोक्याचा उल्लेख आला तर तो हसण्यापुरता: काय तो बिस्किटी रंग, काय तो बोजड आकार! मला या हसण्याबद्दल जरा तक्रार आहे. ते खोकं कुरूप होतं हे मान्य. पण त्या कुरूपतेला कारणं होती, आणि ती कारणं नसती तर माझ्यासारख्यांच्या घरात संगणक आला त्यापेक्षा बराच उशिरा आला असता.

सुरुवात दोन झाकणांपासून करू.

पहिलं झाकण 1977चं, 'ॲपल टू'चं. तोवर हौशी लोकांचे संगणक म्हणजे उघडे सर्किट बोर्ड किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणांसारखे पत्र्याचे डबे. स्टीव्ह जॉब्स मेसीज नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेले, स्वयंपाकघराच्या विभागात त्यांना क्विझिनार्टचा फूड प्रोसेसर दिसला, आणि संगणक असा दिसायला हवा असं त्यांच्या मनाने घेतलं. जेरी मॅनॉक या डिझायनरने 1,500 डॉलरमध्ये प्लास्टिकचं आवरण करून द्यायचं कबूल केलं. रंगावरून घोळ झालाच. पँटोन कंपनीकडे बेज रंगाच्या दोन हजार छटा होत्या आणि जॉब्सना त्यातली एकही धड वाटेना, असं ॲपलचे तेव्हाचे अध्यक्ष माइक स्कॉट सांगत. शेवटी आला तो फिकट बदामी रंगच.

पण त्या खोक्याची खरी गंमत झाकणात होती. ते नुसतं वर ओढलं की निघायचं, स्क्रूड्रायव्हर लागायचा नाही. आत आठ स्लॉट होते. जॉब्सना दोनच पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझनियॅक आठांवर अडून बसले आणि जिंकले. पुढे लोकांनी त्या स्लॉटांमध्ये कुणाच्या डोक्यातही नव्हती अशी कार्डं घातली, आणि 'ॲपल टू' बरीच वर्षं विकला गेला.

जॉब्स ही हार विसरले नसावेत. 1980 साली आलेल्या 'ॲपल थ्री'ला पंखा नको, हवेची भोकंही नकोत, असा त्यांचा आग्रह होता. आवाज करणारं यंत्र त्यांना असह्य व्हायचं. उष्णता बाहेर काढण्यासाठी म्हणून ॲल्युमिनियमचा ओतीव तळ दिला. यंत्रं बिघडू लागली. चिप्स आपापल्या सॉकेटमधून सैल होत होत्या. कारण नेमकं उष्णता की बोर्डवरची दाटीवाटी, यावर संबंधित लोक पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिले. कंपनीने त्यावर सुचवलेला उपाय मात्र प्रसिद्ध आहे: यंत्र टेबलापासून काही इंच वर उचला आणि सोडून द्या. हजारो डॉलरचं यंत्र आपटून दुरुस्त करायचं! आपल्याकडे टीव्हीला थापटी मारणाऱ्यांनी याचं स्वामित्व मागायला हवं होतं.

1984च्या मॅकिन्टॉशमध्ये तर झाकणाचा प्रश्नच संपवला. देखणं, उभं, मागे पकडायला खोबण असलेलं ते खोकं टॉर्क्स स्क्रूंनी बंद केलेलं होतं. तेव्हा या चांदणीच्या आकाराच्या स्क्रूला लागणारा स्क्रूड्रायव्हर सहसा कुणाकडे नसायचा, त्यात दोन स्क्रू त्या खोबणीत इतके खोल की लांब दांड्याचाच हवा. आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणारच नाही तिथे, ते बनवणाऱ्या चमूच्या सह्या प्लास्टिकमध्ये उमटवल्या होत्या. ही गोष्ट कारागिरीवरच्या प्रेमाचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेही सुंदर. मला मात्र ती वाचताना दरवेळी वाटतं की सही चित्रकार करतो, आणि आपल्या चित्रात दुसऱ्याने ब्रश घालू नये ही त्याची अपेक्षा असते. संगणक चित्र आहे का, हा खरा वादाचा मुद्दा.

आता दुसरं झाकण. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने तो बनवला होता. सुमारे वीस इंच रुंद, सोळा इंच खोल, साडेपाच इंच उंच असं आडवं पोलादी खोकं, वर मॉनिटर ठेवायचा. उजव्या कुशीला, मागच्या बाजूला, मोठा लालभडक खटका. पोलाद वापरण्यामागे नुसता आयबीएमचा भारदस्तपणा नव्हता. घरगुती संगणकांमुळे शेजारच्या टीव्हीवर मुंग्या येतात अशा तक्रारी झाल्यावर अमेरिकेच्या एफसीसीने रेडिओलहरींच्या गळतीवर मर्यादा घातल्या होत्या. टँडी कंपनीचा 'टीआरएस-80 मॉडेल वन' त्या मर्यादांत बसेना म्हणून त्याचं उत्पादन थांबवावं लागलं. धातूचा बंद डबा लहरी आत कोंडून ठेवतो. म्हणजे ज्याला आपण 'पत्र्याचा डबा' म्हणून हिणवतो तो पत्रा तिथे कामावर होता.

मागचे स्क्रू काढायचे, कव्हर पुढे सरकवायचं, की आत पाच स्लॉट. आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या छापून टाकल्या होत्या, बायॉसचा प्रोग्रॅमसुद्धा. प्रोग्रॅमवर कॉपीराइट होता, तेव्हा तो उतरवून घेणं बेकायदा. पण स्लॉट किती अंतरावर, स्क्रूची भोकं कुठे, ड्राइव्हचा कप्पा किती रुंद, हे मोजायला पट्टी पुरे होती. 1983च्या 'एक्सटी'मध्ये स्लॉट पाचाचे आठ झाले आणि ते बसवायला त्यांच्यातलं अंतर एक इंचावरून 0.8 इंचावर आणलं. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

1984च्या ऑगस्टमध्ये 'एटी' आला, आणि मग तैवानमधल्या कारखान्यांनी एटीच्या मापाची खोकी काढायला सुरुवात केली. या खोक्यांवर कुणाचंच नाव नव्हतं. रंग ऑफिसात कपाटाशेजारी खपून जाईल असा. पुढे आयबीएमच्या नकलेची चावी. कीबोर्ड बंद करणारी ती चावी मूळ एटीत कामाची होती. घरोघरी ती दोऱ्याला बांधून खिळ्यावर टांगलेली असायची. 'टर्बो' नावाचं एक बटणही असे. नावावरून वाटतं दाबलं की वेग वाढेल. पण ते मुळात वेग कमी करता यावा म्हणून होतं, कारण जुने काही खेळ पहिल्या पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झ वेगावर बेतलेले होते आणि नव्या यंत्रावर इतके पळायचे की खेळताच येईना.

या काळातल्या खोक्यांवरची माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे मेगाहर्ट्झचा आकडा दाखवणारा लाल-हिरवा डिस्प्ले. 33, 66 असा आकडा चमकायचा. टर्बोचं बटण दाबलं की तो बदलायचा. बघणाऱ्याला वाटे, आत कुठेतरी वेग मोजला जातोय. काहीही मोजलं जात नव्हतं! संगणक जोडणारा माणूस डिस्प्लेच्या मागच्या जंपर नावाच्या बारीक टोप्या इकडच्या तिकडे करून हवा तो आकडा लावायचा. बटण वर असताना एक, दाबल्यावर दुसरा. आजच्या रंगीबेरंगी दिव्यांना नाकं मुरडणाऱ्या जुन्या लोकांनी हे आठवावं. खोक्याला नटण्याची हौस तेव्हाही होती, फक्त मेकअपचं सामान कमी होतं.

या निनावी खोक्यांना वैतागून आयबीएमने एप्रिल 1987मध्ये 'पीएस/2' ही नवी मालिका आणली, आणि इथे इतिहास खरोखर उलटासुलटा होतो. कारण पीएस/2ची खोकी उत्तम होती. बरेच भाग हाताने फिरवायच्या स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या खटक्यांवर बसवलेले, जमिनीवर उभी राहणारी मोठी मॉडेलंही होती, आतली मांडणी स्वच्छ. सोय आणि रूप दोन्ही एकाच जागी. फक्त आतला स्लॉट बदलला होता. मायक्रो चॅनल नावाचा हा नवा स्लॉट वापरायचा तर आयबीएमकडून परवाना घ्या. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी 1988मध्ये एकत्र येऊन आपला वेगळा स्लॉट जाहीर केला, बाकीच्यांनी जुना चालू ठेवला, आणि सुबक पीएस/2 मागे पडला. त्याची एकच खूण सामान्य माणसापर्यंत पोचली: कीबोर्ड-माउसची ती गोल, पुढे जांभळी-हिरवी झालेली भोकं, ज्यांना आपण कित्येक वर्षं 'पीएसटू पोर्ट' म्हणत राहिलो.

चांगलं खोकं हरलं आणि वाईट जिंकलं. वाईट यासाठी जिंकलं, की ते कुणाचंच नव्हतं. त्यात एका कारखान्याचा बोर्ड बसे, दुसऱ्याचा वीजपुरवठा, तिसऱ्याची हार्ड डिस्क. दिसायला देखणी वस्तू बनवायची तर कुणीतरी एकाने 'हे असंच' म्हणावं लागतं. या खोक्यात तसं म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून ते ओबडधोबड राहिलं आणि म्हणूनच ते सगळ्यांना उघडं राहिलं.

याचा फायदा ज्यांना झाला त्यांच्यात आपण बरेच पुढे आहोत. 1984च्या नोव्हेंबरमधल्या संगणक धोरणाने आयातीचं दार किलकिलं केलं, 1991नंतर ते आणखी उघडलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तिथे त्या नावाने पत्ता विचारून बघा) आधीपासून रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होता. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एसपी रोड. 'ब्रँडेड' संगणक परवडत नसलेल्या घरांसाठी 'असेंबल्ड' हा शब्द तयार झाला. कागदावर यादी: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, आणि सगळ्यात शेवटी 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. घासाघीस व्हायची ती याच ओळीवर. दोनशे रुपये वाचवायचे तर इथे वाचवायचे, कारण खोक्याने काय फरक पडतो?

पडायचा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा इतका पातळ की एका हाताने उचललं तर अंग मुडपायचं, आणि आतल्या कडा न दुमडलेल्या, त्यामुळे रॅम बसवायला हात घातला की बोट कापलंच. माझ्या उजव्या अंगठ्यावर अशी एक खूण अजून आहे. त्याच्यासोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर 450 वॅट छापलेलं असे. त्या छापाईला टर्बोच्या आकड्याइतकाच अर्थ होता. शिवाय मुंग्या. खोक्याच्या मागच्या स्क्रूला हात लागला की हाताला मुंग्या येतात, हा अनुभव भारतातल्या एका अख्ख्या पिढीला आहे. घरचे म्हणायचे, "संगणकात करंट येतोय". यात बहुधा बिघाड नव्हता. एसएमपीएसमध्ये वीजप्रवाहातला गोंगाट गाळण्यासाठी दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही पत्र्याला जोडलेले. घरात अर्थिंग असेल तर तिथला किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल, तर पत्रा दोहोंच्या मधोमध, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी नगण्य, म्हणून नुसत्या मुंग्या. खोकं त्याचं काम बरोबर करत होतं. भिंतीतला तिसरा पिन नुसता शोभेचा होता.

मुंग्यांपेक्षा भयंकर गोष्ट आधीच्या एटी खोक्यांत होती. त्यांच्या दर्शनी भागावरचं चालू-बंदचं बटण हा खराखुरा विजेचा स्विच होता. मागच्या एसएमपीएसमधून जाड केबल पुढपर्यंत यायची, तिच्यात चार रंगांच्या तारा, आणि त्या बटणाच्या मागे योग्य जागी खोचायच्या. चुकलं तर थेट घरच्या विजेचा भडका. 1995मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा जाहीर केला तेव्हा हा प्रकार संपला. आता बटण म्हणजे मदरबोर्डला केलेली विनंती. यंत्र बंद करायचं की नाही ते बोर्ड ठरवणार. विंडोज 95 सगळं आवरून झाल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचं वाक्य दाखवायचं, ते एटीवाल्यांसाठी होतं. एटीएक्स खोक्यांवर हळूहळू ते दिसेनासं झालं. एटीएक्सने स्क्रूची काही भोकं मात्र एटीच्याच जागी ठेवली, आणि स्लॉटमधलं अंतरही तेच, 0.8 इंच.

ॲपलमध्ये जॉब्स परतल्यावरची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. ऑगस्ट 1998मध्ये निळसर पारदर्शक आयमॅक आला आणि वर्षभरात इस्त्र्यांपासून स्टेपलरपर्यंत सगळं पारदर्शक झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जोनाथन आइव्ह यांच्या हाताखालून निघालेली दोन खोकी मात्र शेजारी शेजारी ठेवून बघावीत अशी आहेत. जानेवारी 1999चा निळा-पांढरा 'पॉवर मॅक जी 3': कडी ओढली की एक कुशी दारासारखी खाली येते आणि मदरबोर्ड त्या दारावर बसवलेला, म्हणजे सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. देखणेपणा आणि सोय भांडत नाहीत याचा यापेक्षा चांगला पुरावा मी पाहिलेला नाही. आणि दीडच वर्षाने, जुलै 2000मध्ये, 'जी 4 क्यूब': पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये तरंगणारा आठ इंचांचा ठोकळा, पंखा नाही, गरम हवा आपोआप वरच्या जाळीतून बाहेर. वर वही ठेवली की वाट बंद. स्पर्शाने चालणारं बटण नको तेव्हा चालायचं, ॲक्रिलिकवर साच्याच्या रेघा दिसायच्या आणि 1,799 डॉलर मोजलेले लोक त्यांना तडे समजायचे. वर्षभरात विक्री थांबवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो आज जपलेला आहे, आणि मला वाटतं तीच त्याची योग्य जागा आहे.

एव्हाना निनावी खोक्यांपुढेही उष्णतेचा प्रश्न उभा राहिला होता. 1981च्या आयबीएम पीसीला, सगळा मिळून, 63.5 वॅटचा वीजपुरवठा पुरत असे. 2004 साली आलेल्या पेंटियम फोरच्या 'प्रेस्कॉट' पिढीत एकटा प्रोसेसर 115 वॅटपर्यंत गेला. तेव्हा इंटेलने कॅबिनेटवाल्यांना कुशीला एक भोक आणि त्यातून प्रोसेसरवर रोखलेलं प्लास्टिकचं नरसाळं बसवायला लावलं, आत जाणारी हवा 38 अंशांच्या वर नसावी म्हणून. विदर्भातल्या मे महिन्यात 38 अंश म्हणजे सकाळचं तापमान. तिथे जाणकारांचा उपाय ठरलेला: कुशीचा पत्रा काढून ठेवायचा आणि समोर टेबलफॅन. हॉस्टेलमध्ये अर्धी कॅबिनेटं अशीच अंग उघडं टाकून बसलेली असत. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स नावाचा नवा आराखडा आणला, हवा सरळ रेषेत वाहावी म्हणून सगळं हलवून नव्याने मांडलेला. अभियंता म्हणून विचाराल तर तो एटीएक्सपेक्षा शहाणा होता. पण जुनी भोकं बदलायला बाजार तयार नव्हता, इंटेलचेच पुढचे प्रोसेसर थंड निघाले, आणि दोन-तीन वर्षांत बीटीएक्स गुंडाळला गेला.

मग खिडक्या आल्या. आधी हौशी लोकांनी घरी पत्रा कापून ॲक्रिलिक लावलं, नंतर कारखान्यांनी तेच विकायला घेतलं, आणि 2016च्या सुमारास कडक काचेची लाट आली. गंमत अशी की काच कुशीलाच नाही तर समोरही लागली, जिथून पंखे हवा ओढतात तिथे. पंखे दिमाखात फिरायचे आणि काचेवर आपटायचे. मग तक्रारी, मोजमापं, तापमानाचे आलेख, आणि समोर पुन्हा जाळी. 2018चं लियान लीचं 'ओ इलेव्हन डायनॅमिक' काचेच्या दोन भिंती ठेवूनही हवा खालून, वरून आणि बाजूने घेऊ लागलं, आणि त्याच्या इतक्या नकला झाल्या की आता त्या जातीलाच 'फिशटँक' म्हणतात.

यातलं कुठलंही विकत घ्या. पुठ्ठ्याच्या पेटीत स्क्रूंची पुडी निघते, आणि तिच्यात अजून दोन प्रकारचे स्क्रू असतात: जाड आट्यांचे इंची मापाचे आणि बारीक आट्यांचे मिलिमीटरचे. चुकीचा चुकीच्या भोकात पिळला की आटे गेलेच. स्लॉटमधलं अंतर अजून 0.8 इंच. 1983मध्ये खोकं आडवं असायचं आणि कार्ड त्यात ताठ उभं राहायचं, हलकंफुलकं. पुढे जागा वाचवायला खोकं उभं झालं, आणि कार्डं भिंतीतल्या फळीसारखी आडवी लोंबू लागली. आजचं मोठं ग्राफिक्स कार्ड तीन-चार स्लॉटांची जागा अडवतं, त्यातली काही दोन किलोच्या पुढे जातात आणि एकटी साडेचारशे वॅट खातात. स्वतःच्या वजनाने ती वाकतात. म्हणून काचेच्या त्या झगमगत्या खोक्यात, लाख रुपयांच्या कार्डाखाली, आता एक छोटा टेकू लावतात. तो ऑनलाइन वेगळा विकत मिळतो. माझ्या एका मित्राने रिकामी फेविस्टिक लावली आहे, अगदी बरोबर मापाची.